सक्तीचा आनंद

वसईहून परत आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. किल्ला पाहिला का, आणि बहिणीला गुण आला का. किल्ला पाहिला नाही. दुसरा प्रश्न ऐकला की मस्तकात तिडीक उठते, कारण गुण यायला माझी बहीण आजारी नव्हती. तिची मुलगी गेली होती. एवढा साधा फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. ज्यांना कळतो त्यांनी वसईच्या हिरवाईसाठी आणि माशांसाठी वाचावं.

आम्ही राहुरीकडच्या, उसाच्या पट्ट्यातल्या. तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. मी साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते, आता घरी असते. शालन माझी धाकटी बहीण. तिची एकुलती एक प्राची पुण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथेच डेंग्यूने गेली, त्याला दोन पावसाळे झाले. मातीच्या वेळी आमच्या चर्चच्या मंडळीने फार प्रेम केलं, हे नाकारणार नाही. घरात आठवडाभर चूल पेटू दिली नाही. पण वर्ष उलटलं तसे लोक शालनच्या डोळ्यांतल्या पाण्याचा हिशेब ठेवू लागले. अजून रडतेस का, ती प्रभूजवळ आहे ना, मग रडायचं कशाला. ख्रिस्ती माणसाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला पाहिजे, नाहीतर बाहेरचे लोक काय म्हणतील. शालन उपासनेला मागच्या बाकावर बसू लागली. मग दाराशी उभी राहू लागली. मग येईनाशी झाली.

तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी विरारच्या एका आनंद शिबिराचं नाव काढलं. आमच्याच मंडळीतलं कुणीतरी तिथे जाऊन हसतमुख होऊन परतलं होतं म्हणे. मला ते पटत नव्हतं. पण माझी नर्सिंगच्या दिवसांतली मैत्रीण फिलोमिना त्याच भागात, गास गावात राहते. मी विचार केला, शिबिराचं काय व्हायचं ते होवो, शालनला चार दिवस दुसरं घर, दुसरं पाणी मिळेल.

गास

नालासोपाऱ्याला फिलोमिना उतरवून घ्यायला आली होती. पश्चिमेकडची गर्दी, मोबाइलची दुकानं, क्लासेसच्या पाट्या हे सगळं मागे पडलं आणि रस्ता एकदम बारीक झाला. दोन्ही बाजूंना केळी, माड, विड्याच्या पानांचे वेल, मोगऱ्याचे वाफे. मे महिना होता. आमच्याकडे या दिवसांत मातीला भेगा पडलेल्या असतात आणि उसाच्या पाचटाला आग लावल्याचा वास हवेत असतो. इथे वाड्यांतून पाण्याचा गार वास येत होता. शालनने रिक्षाच्या बाहेर हात काढून धरला. तिने काही केलं एवढ्याचंही मला तेव्हा अप्रूप वाटलं.

रिक्षावाला गप्पिष्ट होता. बाहेरून आलेला, बहुधा नवीनच. या गावांतल्या क्रिश्चन लोकांचं काय, रोज पार्टी, मजा आहे, असं त्याने हिंदीत ऐकवलं, आणि वर आम्हाला विचारलं की हे लोक इतकं चांगलं मराठी कसं बोलतात. फिलोमिना हसली. मी नाही हसले. रस्त्याच्या कडेला लाल लुगड्याचा कासोटा घातलेली एक सत्तरीची बाई डोक्यावर आळूच्या जुड्यांची पाटी घेऊन चालली होती. तिची बोली या भागातल्या प्रत्येक टॉवरहून आणि बहुधा त्या टॉवरच्या मालकाच्या खापरपणजोबाहूनही जुनी होती. पण तिच्या गळ्यात क्रूस आहे, म्हणून ती मराठी कशी, हे तिने रोज कुणाला तरी सांगत बसायचं. आणि पार्टीचं म्हणाल तर फिलोमिनाचे तळवे पाहावेत. दवाखान्याची नोकरी संपल्यापासून ती रोज पहाटे वाडीत पाणी सोडते आणि मोगरा खुडते.

तिचे पती, इनासभावजी, ओटीवर खुर्चीत बसले होते. त्यांना काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला. काहीही विचारा, ते “बरं” म्हणतात. जेवलात का, बरं. दुखतंय का, बरं. माझ्याकडे पाहून त्यांनी तीन वेळा बरं म्हटलं आणि डावा हात पुढे केला. फिलोमिना म्हणाली की पहिल्या बरंचा अर्थ ओळखलं, दुसऱ्याचा जाड झालीस, आणि तिसऱ्याचा बस.

जेवायला तांदळाच्या मऊ भाकरी आणि ताज्या बोंबलांचं आंबट कालवण होतं. आम्हाला सुकट माहीत, हे जिभेवर विरघळणारे बोंबील नाहीत. सोबत घरी केलेल्या जांभळाच्या वाइनची छोटी पेली आली. शालनने ती हळूच बाजूला सरकवली, मीही. आमच्याकडे वाइनचा थेंब ओठाला लागला तर पंचांपर्यंत गोष्ट जाते. फिलोमिनाने आग्रह केला नाही. आमच्या दोन्ही पेल्या भावजींच्या पुढ्यात ठेवल्या, आणि भावजी मनापासून बरं म्हणाले.

शिबिराबद्दल तिने एवढंच विचारलं की शालनला स्वतःला जायचं आहे का. शालन म्हणाली, सगळे म्हणतात तर जाऊन बघते.

मनवेलपाडा

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात चाळींच्या आणि नव्या इमारतींच्या मधोमध एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर तो हॉल होता. खुर्च्यांना पांढरी कापडं, मागे मोठा पडदा, पंख्यांपेक्षा मोठे स्पीकर. जो मुख्य प्रचारक होता त्याला सगळे ब्रदर म्हणत. त्याचं नाव मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. असे पुष्कळ आहेत, एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील.

खरं तेच सांगायचं तर पहिला दिवस वाईट गेला नाही. गाणी चांगली होती. मधल्या वेळी चहा आणि पाव मिळाला. आलेली माणसं बहुतेक आजूबाजूच्या चाळींतली, खरीखुरी दुःखं घेऊन आलेली. माझ्या शेजारच्या बाईचा नवरा कंपनी बंद पडल्यापासून घरात बसून होता. ती मला म्हणाली, “सिस्टर, इधर आके अच्छा लगता है. घर में कोई गाना नहीं गाता.” अशा बाईला मी काय नावं ठेवणार? शालननेही दोन गाण्यांना टाळ्या वाजवल्या.

पण मधूनमधून ब्रदर जे शिकवत होता ते माझ्या घशाखाली उतरेना. आनंद ही भावना नाही, आज्ञा आहे. जो दुःखी तो आज्ञा मोडणारा. दुःख म्हणजे देवाच्या तोंडावर केलेली तक्रार. मी मनात म्हटलं, देवाकडे केलेल्या तक्रारींची गाणी आपल्या पवित्र पुस्तकात पानोपानी आहेत, या माणसाच्या प्रतीतून ती पानं गळून पडली की काय. तरी गप्प बसले. सवय असते. लहानपणापासून व्यासपीठावरच्या माणसाला मध्ये बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुःख बाळगणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. शालनने केला. सरळ मनाची बाई, विचारलं तर खरं सांगते. तिला पुढे बोलावलं. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, प्राचीचं सांगायला लागली आणि तिचा आवाज गेला. ब्रदरने माइक स्वतःच्या तोंडाशी घेतला.

“तुझी मुलगी वर हसते आहे, आणि तू खाली रडते आहेस,” तो म्हणाला. “दोघींपैकी खोटं कोण?”

हॉलमधून आमेनचा आवाज उठला. मग त्याने सांगितलं की हिच्यात शोकाचा आत्मा बसला आहे, आणि त्याला हसून बाहेर काढायचं आहे. आधी त्याने स्वतः हसून दाखवलं. मग संगीत सुरू झालं आणि सगळा हॉल तिला मदत म्हणून हा हा हा करून हसू लागला. शालन मधोमध उभी होती. तिचे ओठ ताणले गेले, दात दिसले, पण ते हसणं नव्हतं. भूल उतरताना माणसाचा चेहरा असा होतो. तोंड हलत असतं, आणि माणूस अजून तिथे आलेलं नसतं. ते दृश्य मागच्या पडद्यावर भिंतीएवढं मोठं दिसत होतं. मग ब्रदरने तिच्या कपाळावर हात ठेवून मागे रेटायला सुरुवात केली, आणि मागे दोन जण तिला झेलायला हात पसरून तयार उभे राहिले.

मी खुर्च्यांमधून कशी गेले ते आठवत नाही. व्यासपीठाची पायरी चढले आणि म्हटलं, “हात काढा.” माइक जवळ असल्यामुळे ते दोन शब्द हॉलभर घुमले. ब्रदरने गोड हसून मला काही समजवायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याचं मनगट धरून हात स्वतःच बाजूला केला. दवाखान्यात बेफाम दारुडे धरले आहेत, हे मनगट काय. त्याच क्षणी पडद्यावर माझा चेहरा आला. इतकं चिडलेलं मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं, आणि सांगायला लाज नाही, बरी दिसत होते.

दाराशी एका कार्यकर्त्याने अडवून बजावलं की असं अर्ध्यात उठून गेलात तर तो आत्मा सातपट जोराने परत येईल. मी त्याला विचारलं की धमकी देऊन आनंद देता येतो हे तो कुठे शिकला. उत्तराची वाट पाहिली नाही. चपलांच्या ढिगातून घाईत एक माझी आणि एक कुण्या परक्या बाईची घातली, आणि ते मला थेट गासला पोहोचल्यावर कळलं.

रिक्षात शालन हाताने कपाळ पुसत होती. मग म्हणाली, “ताई, मी हसायचा प्रयत्न केला गं. येतच नव्हतं.”

ती माफी मागत होती. मुलगी गमावलेल्या बाईला तुम्ही कुठपर्यंत नेऊन सोडलं, तर हसू आलं नाही म्हणून ती माफी मागते.

निर्मळ

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर अर्नाळ्याची कोळीण आली. रेमेत तिचं नाव, फिलोमिनाला बरीच वर्षं मासे देते. ती बांगडे मोजून देत असताना फिलोमिनाने आदल्या दिवशीचा प्रकार तिला तिच्या बोलीत सांगितला. ती बोली मला अर्धीच कळे. रेमेतने शालनकडे नीट पाहिलं, टोपली बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ येऊन बसली. आमच्यासाठी ती जरा सावकाश बोलली.

“माजा नवरा गेला तवा मी सा महिने देवाशी बोलली नाय,” ती म्हणाली. “देवलात जायची, बसायची, तोंड फिरवून यायची. फादरला सांगितलं, मी भांडलीय त्याच्याशी. फादर बोलला, मग येत रहा, भांडन घरी बसून मिटत नाय.” मग तिने प्यायला पाणी मागितलं, ते घटाघटा प्यायली, आणि मिटलं का असं मी विचारल्यावर म्हणाली, “थोरं मिटलं. थोरं राहिलंय. तो कुठं पळून जातोय?”

आमच्याकडे असं कुणी उघडपणे म्हणालं असतं तर त्या संध्याकाळी घरात तीन प्रार्थना सभा लागल्या असत्या. तिने ते बांगड्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि टोपली उचलून पुढच्या घरी गेली.

त्या संध्याकाळी गासला आळीतल्या क्रुसापाशी लादीन होती. मे महिन्यात या गावांमध्ये रस्त्याकडेचे क्रूस रंगवतात, सजवतात आणि आळीतली माणसं जमून त्यांच्यापुढे प्रार्थनेची गाणी म्हणतात, त्याला लादीन म्हणायचं. फुलांसाठी आम्ही निर्मळला फिलोमिनाच्या भावाच्या वाडीत गेलो. निर्मळचं जुनं देऊळ आणि तलाव आमच्या वाटेवर लागला. सकाळच्या पूजेला आलेल्या बायका आणि वाडीतून भाजी घेऊन निघालेल्या ख्रिस्ती बायका एकमेकींच्या स्कूटरना वाट करून देत होत्या. तलाव अजून आहे हे बरंच. कारण त्याच्या अलीकडे फिलोमिनाने एक मोकळी भरणी केलेली जागा दाखवली. तिथे तिच्या लहानपणी बावखल होतं, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. आता तिथे उंच इमारतीचं चित्र असलेली पाटी उभी आहे, आणि चित्रात निळाशार पोहण्याचा तलाव दाखवला आहे. असलेलं तळं बुजवायचं आणि नसलेल्याचं चित्र विकायचं. मनवेलपाड्यातही मी वेगळं काय पाहिलं होतं?

वाडीत फिलोमिनाच्या भावजयीने आम्हाला सुकेळी खायला दिली. राजेळी केळी सोलून उन्हात दिवसेंदिवस वाळवतात, रोज परततात आणि मग केळीच्याच सोपटात गुंडाळून ठेवतात. रंगाने गुळासारखी, चवीला त्याहून गोड. शालनने एक खाल्लं, मग दुसरं. मग तिने विचारलं की माशा बसत नाहीत का वाळवताना.

तुम्हाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. दोन वर्षांत तिने कुठल्याही गोष्टीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. भावजयीने तिला गच्चीवर नेऊन जाळी दाखवली, आणि दोघी तिथून बऱ्याच वेळाने उतरल्या. मी खाली मोगरा खुडत राहिले. कळ्या खुडायच्या असतात, फुललेलं फूल नको, हे फिलोमिनाने मला दोनदा बजावलं.

पुन्हा गास

आम्ही परतलो तर ओटीवर शिबिरातली दोन माणसं बसली होती. चेन लावलेल्या कव्हरात बायबल घेतलेला एक पुरुष, आणि एक तरुण बाई, जिने पहिल्या दिवशी आम्हाला चहा दिला होता. शालनने नाव नोंदवताना इथला पत्ता सांगितला होता. ती दोघं अगदी गोड बोलत होती. शेवटचा दिवस महत्त्वाचा असतो, ब्रदरच्या मनात राग नाही, ताईंना आम्ही माफ केलं आहे, बहिणीला घेऊन या. माफीचा शब्द ऐकून मी तोंड उघडणार होते, पण तेवढ्यात त्या पुरुषाचं लक्ष इनासभावजींकडे गेलं. तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि हालेलुया म्हणा म्हणाला. भावजी म्हणाले, बरं. त्याने पुन्हा म्हणायला लावलं. बरं. तिसऱ्या वेळी त्याने आवाज चढवला, जणू भावजी बहिरे होते. भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळं समजतात, आणि तोंडातून येणारा शब्द आपल्याला हवा तो नाही हेही समजतात.

मी त्या माणसाला मेंदूतल्या रक्ताच्या गाठीविषयी सांगू लागले. त्याने दयेने मान हलवली आणि फिलोमिनाला सांगितलं की घरातल्या अविश्वासाने यांच्या जिभेला कुलूप लागलं आहे.

फिलोमिना फुलांची टोपली घेऊन उभी होती. तिने ती खाली ठेवली. आवाज चढवला नाही.

“याला मी रोज आंघोळ घालते,” ती म्हणाली. “तेव्हा हा मला हसवतो आणि मी याला हसवते. आमच्या घरातला आनंद एवढाच आहे आणि आम्ही रोज त्याबद्दल देवाचे आभार मानतो. तुमच्या आनंदात हा माणूस मावत नसेल तर तुमचाच आनंद लहान आहे. आता उठा.”

तो उठला, पण शालनकडे वळून म्हणाला की निदान त्यांनी तरी स्वतःचा विचार करावा. शालन स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने दाराची चौकट धरली होती.

“लाजरस मेला तेव्हा येशू आपल्या या मित्राच्या कबरेपाशी रडला,” ती म्हणाली. “घटकाभराने लाजरस जिवंत होऊन उठणार आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी रडला. माझी प्राची काही आज उठणार नाही. मग मी किती रडायचं ते तुम्ही मला सांगू नका.”

माझी बहीण दोन वर्षांत चार वाक्यं सलग बोलली नव्हती. त्या माणसाने कव्हराची चेन उगाच उघडली, पुन्हा लावली, आणि तो पायऱ्या उतरला. बरोबरची तरुण बाई मात्र रेंगाळली. फाटकापर्यंत जाऊन ती परत आली आणि तिने शालनला खालच्या आवाजात विचारलं की प्राची दिसायला कशी होती.

हे आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. शालनने सांगितलं, उंच होती, केस कुरळे, चालताना चप्पल फटफट वाजवायची. ती बाई ऐकत राहिली. बाहेरून हॉर्न वाजला तरी दोन क्षण थांबली, मग शालनचा हात दाबून गेली. तिच्या घरात काय झालं होतं ते आम्हाला कळलं नाही. पण तिच्यावर मला रागवता आलं नाही, आणि म्हणून तिला तिथे हसायला बसवणाऱ्यांवर दुप्पट राग आला.

उन्हं उतरल्यावर आम्ही क्रुसापाशी गेलो. शाळेतली पोरं, मुंबईहून नुकतीच परतलेली नोकरदार माणसं, लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, सगळी सतरंज्यांवर बसली होती. भावजींची चाकाची खुर्ची पुढे होती. एका वृद्ध शिक्षकांनी सूर धरला, आणि दुसऱ्या ओळीला मला भावजींचा आवाज ऐकू आला. ते गात होते. बरं नव्हे, शब्द. एकामागून एक, स्पष्ट. वाचा गेलेल्या काही माणसांना गाता येतं हे मी शिकताना वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फिलोमिना माझ्या कानाशी म्हणाली की चमत्कार म्हणू नकोस, घरी गेल्यावर तो पुन्हा बरंच म्हणेल. पण तेवढा वेळ तो पूर्वीचा असतो, आणि तेवढ्यासाठी ती त्याला एकही लादीन चुकवू देत नाही.

गाण्यात शालन रडायला लागली. मी धसकून आजूबाजूला पाहिलं. कुणी वळलं नाही. शेजारच्या म्हातारीने गाणं न थांबवता तिला स्वतःचा रुमाल दिला, एवढंच. आणि थोड्या वेळाने, सगळे डोळे मिटून असताना, मागच्या घरातली शेळी दावं सोडवून आली आणि क्रुसावरचा आम्ही गुंफलेला मोगऱ्याचा गजरा खाऊ लागली. आधी पोरं हसली. मग गुरुजींचा सूर फुटला. कुणीतरी म्हणालं, खाऊ दे, तिचाही सण आहे. शालन हसली. गालांवरचं पाणी पुसायला विसरून, आवाज करून हसली. मग गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं आणि ती पुन्हा रडू लागली. शेवटी सगळ्यांना कागदाच्या पुडीत उकडलेले चणे वाटले. ते गरम होते आणि मीठ अगदी बेताचं होतं.

तिथे चणे खात बसले असताना मला माझ्या बालपणाचा राग आला. आमचे वडील सज्जन होते, पण त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांनी नाच, सिनेमा, पत्ते, मोठ्याने हसणं, सगळं आमच्या घरातून बाहेर काढलं. आनंद वर मिळणार होता, म्हणून इथे तो वापरायचा नाही. आणि आता हे नवे आले आहेत ते म्हणतात, आनंद इथेच, आत्ता, पडद्यावर दिसला पाहिजे. आधी हसायची बंदी, आता रडायची. आमच्यासारख्या साध्या विश्वासाच्या माणसांनी करायचं काय? गासच्या त्या आळीत कुणाला हा प्रश्न पडलेला दिसला नाही. ती माणसं चण्यांच्या पुड्या चुरगाळून घरी निघाली. वाडीला पाणी सोडायला पहाटे उठायचं होतं.

घरी

परतल्यानंतरच्या रविवारी शालन उपासनेला आली. मीच म्हणाले होते, नको येऊस, पण आली, आणि मधल्या बाकावर बसली. पाळकसाहेबांनी प्रवचनानंतर तिला पुढे बोलावलं. शिबिरातून मिळालेल्या आनंदाची साक्ष बहीण देणार आहे असं त्यांनीच परस्पर जाहीर केलं. झालं काय ते त्यांना मी घरी जाऊन सविस्तर सांगितलं होतं. तरी.

मी उठणार होते. शालनने मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि ती जागेवरच उभी राहिली.

“काल मी कैरीचं लोणचं घातलं,” ती म्हणाली. “प्राचीला हॉस्टेलला न्यायला एक बरणी वेगळी काढायची सवय आहे. ती काढली. मग खाली बसून रडले. मग उठून लोणचं चाखलं. चांगलं झालं आहे.”

आणि ती खाली बसली.

पाळकसाहेब अजून काही येईल म्हणून थांबले होते. यावर आमेन म्हणायचं असतं की नाही, हे कुणाला ठरवता येईना.

मी म्हटलं. मोठ्याने.